शिशाच्या जागी

ती सकाळ आठवली की आजही माझ्या तळहातांना घाम येतो. पोलीस खात्यात आयुष्य गेले. दंगलीत दगड खाल्ले, विहिरींतून प्रेते काढली, पिस्तूल रोखलेल्या माणसाशी समोरासमोर बोललो. पण भीती म्हणजे नेमके काय, हे मला एका भंगाराच्या चोरीने शिकवले. कागदावर पाहाल तर प्रकरण एवढेच होते की एका माणसाने शिशाच्या विटा चोरल्या आणि विकल्या. नावे मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसे हयात आहेत आणि त्यांना अजून याच मुलखात वावरायचे आहे.

मी तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत एक मोठे धरण. धरण म्हणजे पोलिसाला बारमाही डोकेदुखी. पावसाळ्यात भिंतीवर फोटो काढणारे, उन्हाळ्यात दारू पिऊन पोहणारे, आणि बाकी दिवस मासेमारीवरून दोन गावांची भांडणे. त्यात काही वर्षांपासून होड्यांच्या शर्यतीची भर पडली होती. पहिल्यांदा परवानगीचा अर्ज टेबलावर आला तेव्हा मला हसूच आले. आमच्या वऱ्हाडात शर्यत म्हणजे शंकरपट. बैल धावतात, धुरळा उडतो, हरलेला जिंकलेल्याचे सात पिढ्यांचे पाढे वाचतो आणि मग आम्ही मध्ये पडतो. पाण्यावर शांतपणे शर्यत लावायची, आणि तीही नव्या नाही तर म्हाताऱ्या होड्यांची, हे प्रकरण माझ्या डोक्यावरून गेले.

पण लोक हौशी होते. फक्त जुन्या, लाकडी, शिडाच्या होड्या. काही तर इंग्रजांच्या काळात बांधलेल्या. नागपूर, पुणे, हैदराबादहून ट्रकवर लादून होड्या येत. तीन होड्या इथल्याच क्लबच्या होत्या आणि वर्षभर काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये असत. हा क्लब उभा केला तो एका निवृत्त अभियंत्याने. नोकरीत असताना त्यांनी धरणे बांधली आणि निवृत्तीनंतर धरणात होड्या सोडल्या. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. सगळ्या होड्यांत वयाने थोरली होडी त्यांचीच. कुठल्याशा संस्थानिकाच्या तलावावर सडत पडली होती, ती आणून त्यांनी फळी फळी करून उभी केली. तिचे शीडसुद्धा सुती. "वऱ्हाडात होडी चालवायची तर शीड कापसाचंच पाहिजे," असे ते मला अर्ज देतानाच सुनावून गेले होते.

या शर्यतीचे काही रिवाज होते. जी होडी वयाने मोठी ती आधी सुटणार, मग तिच्याहून धाकटी, असे करत सगळ्यात तरुण होडी शेवटी. म्हाताऱ्यांना दिलेला मान तो. जुन्या होडीत नवी वस्तू नको म्हणून मोबाइल काठावरच्या टोपलीत ठेवायचे. आणि शर्यत सुरू असताना मोटरबोटीने होड्यांच्या जवळ जायचे नाही. मोबाइलची अट मला पटली नव्हती, पण मी लाइफ जॅकेट आणि बचावाची मोटरबोट या माझ्या दोन अटी मंजूर करून घेतल्या आणि बाकीचे सोडून दिले. हिवाळ्यातला रविवार, थंड वारा आणि सभ्य माणसे. बंदोबस्त सोपा वाटत होता. माझे निम्मे मनुष्यबळ रिद्धपूरच्या यात्रेला गेले होते, म्हणून मी एका जुन्या हवालदाराला घेऊन स्वतःच जायचे ठरवले.

जीपमध्ये पाय ठेवला आणि फोन वाजला. अकोल्याचा एक भंगारवाला. मी अकोल्यात असताना चोरीची तांब्याची तार घेतल्याबद्दल मी त्याला आत टाकले होते. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेला हा माणूस ताकही फुंकून पीत असे, आणि संशयाचा माल आला की आपणहून कळवत असे.

"साहेब, सलाम. तुमच्या तिकडे आज शिडाच्या होड्यांचं काई हाये का? पेपरात फोटो पायला."

"आहे. तिकडंच निघालोय. काय काम?"

"काम नाई साहेब, भेव वाटून राह्यलं. दिवाळीच्या आगंमागं एका माणसानं माह्याकडे शिशाच्या विटा आणल्या होत्या. लय जुन्या. आज गोदामात माल हलवून राह्यलो तं एका विटेवर होडीचा नांगर कोरलेला दिसला. पेपरातल्या होडीच्या नाकावर बी तोच नांगर हाये."

"माणूस कसा होता?"

"निळं जॅकीट होतं अंगात, पाठीवर होडीचं चित्र. म्हणे, क्लबानंच जुनं सामान काढलं. मले चोरीच्या मालात नोका गोवू साहेब, मी सोताहून सांगून राह्यलो."

तसले निळे जॅकेट क्लबच्या माणसांचे, आणि त्यांत भंगार घेऊन अकोल्याला जाईल असा एकच माणूस मला आठवत होता, तो म्हणजे क्लबच्या शेडचा चौकीदार. मी ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितले, अकोल्याच्या ठाण्याला माल जागेवरच थांबवायला कळवले, आणि निवांत झालो. आरोपी माहीत, माल सापडलेला. शर्यत संपली की संध्याकाळी त्याला बोलावू, असा माझा विचार होता.

काठावर मांडव पडला होता. पोह्यांचा वास सुटला होता. आम्ही पोचलो तेव्हा पहिला बार उडून मोठ्या साहेबांची होडी नुकतीच सुटली होती. बाकीच्या होड्या आपल्या पाळीची वाट पाहत काठाशी डुलत होत्या. पाण्यावर ते एकटे पांढरे शीड पुढे सरकत होते आणि खरे सांगतो, दिसत फार छान होते.

"या वर्षी लेक पण गेलीये सोबत," शर्यतीच्या सचिवबाई मला म्हणाल्या. नागपूरच्या, आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या बाई. "अकोल्याला डॉक्टर आहे ती. पाण्याला जाम घाबरते. पण साहेबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ना उन्हाळ्यात. म्हणाली, बाबा ऐकणार तर नाहीत, मग एकटे तरी कशाला जाऊ देऊ?"

मी पोह्यांची बशी हातात घेतली आणि सहज सांगितले की बाई, तुमच्या क्लबच्या एका होडीतले शिसे चोरीला गेल्याची खबर आहे.

बाईंचा हात थांबला. "कोणत्या होडीतलं?"

"तेच माहीत नाही. नांगर तर तुमच्या तिन्ही होड्यांवर आहे."

मग त्यांनी मला समजावले. शिडाची होडी वाऱ्याने कलते. तिला परत उभी करायचे काम तळातले वजन करते. जुन्या होड्यांत पायाखालच्या फळ्यांच्या खाली शिशाच्या विटा घट्ट बसवलेल्या असतात. त्या नसतील तर होडी कलली की कललीच. माझा घास हातातच राहिला. पण लगेच त्यांचा चेहरा निवळला.

"थांबा, थांबा. सगळ्या होड्यांचं वजन झालंय. पाण्यात सोडण्याआधी आम्ही प्रत्येक होडी काट्याला टांगतो, म्हणजे कुणी हलकी करून आणायला नको. तिन्ही बरोबर भरल्या. वजन बरोबर आहे म्हणजे शिसं जागेवर आहे. तुमच्या माणसाला दुसरीकडचा माल मिळाला असेल."

मलाही हायसे वाटले. बशी संपवली. पण पोलिसाच्या डोक्यात एक सवय असते, दोन साक्षी जुळल्या नाहीत की कुठेतरी खाजत राहते. भंगारवाला खोटे बोलत नव्हता. काटाही खोटे बोलत नव्हता. मी हवालदाराला म्हटले, चौकीदाराला शेडमध्ये घेऊन या, आरडाओरडा नको.

चौकीदार पन्नाशीचा, शेजारच्याच गावचा. घरची थोडी जमीन भावाकडे, हा इथे. नम्र माणूस. मी त्याला खुर्ची दिली. आरोपीला उभे ठेवले की तो पळण्याचा विचार करतो, बसवले की बोलण्याचा. शिवाय चौकशीत मी पुस्तकी बोललो की समोरचा सावध होतो, म्हणून मी माझ्या बार्शीटाकळीकडच्या बोलीवर उतरत असे.

"काहून गा, अकोल्याले गेला होता म्हणते दिवाळीत?"

"नाई साहेब. मी कायले जातो?"

"निळं जॅकीट घालून गेला होता. भंगाराच्या दुकानात."

त्याने मान खाली घातली. हवालदार म्हणाला, "बोल बापा. साहेब अजून चांगल्यानं पुसून राह्यले."

मी त्याच्याकडे नीट पाहिले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. चोरी यानेच केली यात मला शंका उरली नाही. पण एक गोष्ट बसत नव्हती. शेडच्या दारातून पाणी दिसत होते आणि त्यावर ते पांढरे शीड. तो अधूनमधून तिकडे पाहत होता, आणि पाहताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते. नोकरी जाण्याची भीती होती, माझी भीती होती. होडीची भीती नव्हती. ज्याने तळातले वजन काढून विकले आहे, तो माणूस त्या पाण्याकडे इतका शांत कसा पाहतो?

"मोठ्या साहेबाच्या होडीतलं काढलं का?" मी अंदाजाने विचारले.

त्याचे डोळे भरून आले. "साहेब, थे नुसतं पडून होतं हो. फळीखाली, अंधारात. कोणाच्या नजरेत नाई का कामात नाई. मले सेकंडहँड गाडी घ्यायची होती, येण्याजाण्याले. दरवर्षी मोठे साहेब सोता फळ्या उघडून पाहे. अवंदा त्यायचं ऑपरेशन झालं, तं मलेच म्हणाले, तूच तेल लाव अन् बंद कर." मग एकदम मान वर करून म्हणाला, "पण वजन तं बरोबर भरलं ना साहेब? बाईनं सोता पायलं काट्यावर."

त्या वाक्यावर मी अडलो. शिसे गेले होते आणि वजन बरोबर होते. मी त्याला तोवर काय नेलेस एवढेच विचारत होतो.

"त्याच्या जागी काय ठेवलं?"

"माती," तो म्हणाला.

"कुठली माती?"

"मांगच्या वावरातली. सिमेंटच्या चुंगड्यात भरली, तोंड शिवलं अन् लावली वळीनं. जेवढं शिसं तेवढी माती, एक किलो इकडे का तिकडे नाई. जागा लय लागली, पण फळीखाली पोकळीच होती. वजनाले काय साहेब, माती बी वजनच."

मागच्या वावरातली म्हणजे काळी. माझा जन्म त्या मातीत गेला आहे. कोरडी असताना आमची काळी माती दगडाला हार जात नाही. ढेकूळ डोक्यात घातले तर माणूस आडवा होईल. आणि तीच माती पाणी प्यायली की फुगते, सैल होते, वाहू लागते. पावसात वावरात पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत. मी सचिवबाईंना हाक मारली.

"बाई, होडीत पाणी झिरपतं का?"

"लाकडी होडी आहे, झिरपणारच. म्हणून तर शर्यतीआधी आठवडाभर पाण्यात ठेवतो. बैलगाडीचं चाक नदीत टाकतात ना तसं, फळ्या फुगल्या की सांधे मिटतात. तोवर तळाला पाणी असतंच. का हो?"

काट्यावर टांगली तेव्हा माती कोरडी होती. नंतर ती आठवडाभर पाण्यात बसली होती. मी बाईंना सांगितले. फुगलेल्या मातीने चुंगड्यांची शिवण केव्हाच तोडली असणार. त्या दोघांच्या पायाखाली आता वजन नव्हते, चिखलाचा काला होता, आणि होडी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला तो वाहणार होता.

बाई एकदम दारात धावल्या. "परतीचा झेंडा लावा! ढोल वाजवा! सगळ्यांना मागं बोलवा!" त्यांचा माणूस झेंड्याच्या काठीकडे धावला. आणि त्याच क्षणी त्या स्वतःच किंचाळल्या, "नको! थांब! लावू नको!"

मला काही कळेना. बाईंचा तो मोठा आवाज एकदम बसला होता. "झेंडा पाहिला की ते वळतील. होडी वळते तेव्हा शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. माणसं वरच्या काठावर बसून होडी दाबून धरतात ना, ती त्या वेळी उठतात आणि पलीकडे जातात. तेवढा क्षण चिखलाविरुद्ध दाबायला कुणीच नसेल. उलटतील हो."

"नाही बोलावलं तर?"

त्यांनी पाण्याकडे बोट केले. दूर मध्यावर एक लाल पिंप तरंगत होते. सगळ्या होड्यांनी त्या पिंपाला वळसा घालून परत यायचे होते. तिथे पाणी सगळ्यात खोल. पांढरे शीड नेमके त्या पिंपाकडे चालले होते.

बोलावले तरी वळणार आणि न बोलावले तरी वळणार. न वळता सरळ पलीकडच्या काठाला जाणे हाच मार्ग होता, आणि तो त्यांना जवळ जाऊनच सांगावा लागणार होता. मोबाइल टोपलीत पडलेले. मी हवालदाराला म्हटले, "याला सोडू नका, बाकीच्या होड्या सुटू देऊ नका, रुग्णवाहिका पलीकडच्या काठाला पाठवा." आणि मी मोटरबोटीकडे पळालो. भोंगा घेऊन बाई माझ्या मागे.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मला पोहता येत नाही. आमच्या गावाला नदी म्हणजे पावसाळ्यातला नाला. धरणावर इतके बंदोबस्त केले पण पाण्यात पाय घातला नव्हता. बोट काठापासून सुटली आणि खालून धक्के बसू लागले तेव्हा मी दोन्ही हातांनी बाक धरला. तोंडावर पाणी उडत होते. देवाचे नाव मी एरवी फारसे घेत नाही, पण त्या दिवशी घेतले. बोटवाला म्हणाला, "साहेब, रिवाज हाये, शर्यतीच्या होडीजवळ मशीनची बोट नेत नाईत." मी त्याला काय म्हणालो ते छापण्याजोगे नाही.

जवळ जाताना दिसले की ती होडी भलतीच कलली होती. वाऱ्याचा जोर थोडा कमी झाला तरी ती सरळ होत नव्हती. मोठे साहेब सुकाणू धरून बसले होते. लाइफ जॅकेट त्यांनी अंगात घातले नव्हते, गादीसारखे खाली घेतले होते. लेक वरच्या काठावर पाय रोवून, दोर धरून बसली होती. पिंप त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होते.

"वळू नका!" बाई भोंग्यातून ओरडल्या. वाऱ्याने शब्द उडवून नेले. मोठ्या साहेबांनी आम्हाला पाहिले आणि संतापून हात झटकला. शर्यतीत मोटरबोट आणली म्हणून ते आमच्यावरच चिडले होते.

आम्ही आणखी जवळ गेलो. मी उभा राहिलो. कसा राहिलो ते मला माहीत नाही. "साहेब, खाली शिसं नाही! माती आहे! वळलात तर उलटाल!"

"काय बडबडताय? वजन झालंय माझ्या होडीचं!" ते ओरडले आणि त्यांनी सुकाणूवरचा हात आवळला. मी ते पाहिले. होडीचे नाक पिंपाकडे फिरू लागले. शीड फडफडले. सवयीने लेक वरच्या काठावरून अर्धी उठली.

"डॉक्टरबाई, बसा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "तुमच्या पायाखाली पाहा! पाणी काळं आहे का?"

तिने खाली पाहिले. फळ्यांच्या फटींतून काळा काला वर आला होता आणि तिचे बूट त्यात बुडाले होते. ती धरणाचा गाळ समजून बसली होती, असे तिने नंतर जबाबात सांगितले. ती परत काठावर बसली आणि एक हात लांबवून तिने बापाचा सुकाणूवरचा हात धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला. "बाबा, नको. सरळ," एवढेच ती म्हणाली. ज्या बाईला पाण्याची भीती वाटते तिचा आवाज तो, पण हात हलला नाही. म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिले, मग पायाखाली पाहिले. नाक पुन्हा सरळ झाले. लाल पिंप त्यांच्या शेजारून मागे गेले.

शीड उतरवायला किंवा आमच्या बोटीत यायला वरचा काठ सोडावा लागला असता, म्हणून आता त्यांना तसेच सरळ जाऊन पलीकडच्या काठावर होडी चढवायची होती. आम्ही बाजूने चाललो. वाऱ्याच्या एकेका झोताबरोबर होडी आणखी थोडी कलत होती आणि परत येत नव्हती. शिडाचा खालचा कोपरा पाण्याला लागला. लेक काठाबाहेर इतकी झुकली होती की तिचे केस पाण्यावरून जात होते. मला वाटत होते की आत्ता, या क्षणी. मी डोळे मिटणार होतो, पण मिटले नाहीत. साक्षीदार मीच होतो.

काठ दिसू लागला. दगड दिसू लागले. आणि तिथेच मोठा झोत आला. होडी एखादा दमलेला बैल बसावा तशी हळूच आडवी झाली. डोलकाठी पाण्यावर आपटली. लेक पलीकडे फेकली गेली आणि जॅकेटमुळे वर आली. मोठे साहेब दिसेनात. ते शिडाखाली गेले होते. भिजलेले सुती शीड म्हणजे ओली सतरंजी, ते हाताने उचलता येत नाही.

मी उडी मारली. पाणी किती खोल आहे हे मला ठाऊक नव्हते. पाय तळाला लागले तेव्हा पाणी छातीपर्यंत होते. आजही मी त्या तळाचे उपकार मानतो. बोटवाल्याने सुरी दिली. कापडाखाली एक उंचवटा हलत होता. मी त्याच्या बाजूला सुरी घालून शीड फाडत नेले, लेकीने दोन्ही हातांनी ती चीर ताणली आणि आतून बापाचे डोके वर आले. ते निळे पडले होते. तिने तिथेच पाण्यात उभ्या उभ्या त्यांना उताणे धरले आणि तोंडाने श्वास देऊ लागली. पहिला खोकला ऐकू येईपर्यंतचा काळ मी कधी मोजू शकलो नाही.

रुग्णवाहिकेत घालताना मोठे साहेब शुद्धीवर होते. त्यांनी मान वळवून होडीकडे पाहिले. एक बाजू दगडावर फुटली होती आणि त्या भगदाडातून काळी माती पेजेसारखी वाहत होती.

पुढचे काम नेहमीचे. पंच बोलावून पंचनामा केला, फुटलेली चुंगडी आणि मातीचे नमुने सील केले, अकोल्याहून विटा मुद्देमाल म्हणून जप्त करून आणल्या, भंगारवाल्याला साक्षीदार केले. चौकीदाराला रीतसर अटक दाखवली. त्याने चोरी पहिल्या दिवसापासून कबूल केली. माणसांचा जीव धोक्यात घातल्याचे कलम मात्र त्याला काही केल्या पटेना. मी समजावले, हवालदाराने समजावले, वकिलाने समजावले. "वजन तं बरोबर होतं," एवढेच तो म्हणे. तो बनाव करत नव्हता. बनाव मी ओळखतो.

या प्रकरणानंतर माझी चौकशीची पद्धत बदलली. तोवर मी चोराला विचारत असे, काय नेलेस, कुठे विकलेस. नंतर मी आधी विचारू लागलो, जागेवर काय ठेवलेस? कारण सराईत चोर जागा रिकामी सोडून जातो, पण घरचा माणूस, विश्वासातला माणूस, तो रिकामी जागा ठेवत नाही. तो काहीतरी भरतो, आणि भरले की त्याला वाटते फिटले. एका दवाखान्याच्या चोरीत औषधाच्या बाटल्यांत साधे पाणी भरलेले मला याच प्रश्नाने सापडले. नेलेल्या वस्तूने नुकसान होते, पण जीव जातो तो ठेवलेल्या वस्तूने. हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. त्यांना वाटते साहेब काहीतरी तत्त्वज्ञान सांगतात. मला मात्र ते सांगताना दर वेळी तो फळ्यांतून वर येणारा काला दिसतो.

चौकीदार कोठडीत असताना डॉक्टरीणबाई जबाब द्यायला ठाण्यात आल्या. वडिलांची तब्येत ठीक होती, पण ते होडीचे नाव काढत नव्हते. जबाबावर सही झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला चौकीदारकाकांना एकदा भेटता येईल का? लहानपणापासून ओळखते मी त्यांना." नियमात बसवून मी चौकीदाराला माझ्या खोलीत आणवले. तो हात जोडून दाराशी उभा राहिला.

"ताई, साहेब बरे हायेत ना?"

"बरे आहेत," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "काका, एकच सांगा. ती माती भरताना तुम्हाला आमची आठवण झाली होती का?"

"झाली होती ना ताई," तो लगेच म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, कुणीतरी शेवटी योग्य प्रश्न विचारल्यासारखा. "म्हणून तं चाळणीनं चाळून चाळून भरली. एक खडा राहू देल्ला नाई. म्हटलं, साहेबाची जुनी होडी हाये, फळीले खडा रुतीन."

चाळलेली माती पाण्यात किती लवकर विरते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरीणबाईंनाही नव्हती. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. तो बिचारा हात जोडून आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होता, आपण काय चुकीचे बोललो ते कुणीतरी सांगेल म्हणून.